समोरच तर आहे!

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला ‘तुझ्याकडे यायचं कसं?’ हा प्रश्न फोनवर कधीही विचारू नये. प्रत्यक्ष भेटीत विचारला तर निदान चहा तरी मिळतो. फोनवर विचारला की पलीकडे अख्खं घर गोळा होतं, मग शेजारचं घर येतं आणि आपण कान लाल होईपर्यंत दुसऱ्यांची भांडणं ऐकत बसतो.

माझा हा मित्र माझ्याबरोबर बँकेत होता. शेजारशेजारच्या काउंटरवर आम्ही उमेदीची वर्षं काढली. तो पैसे घ्यायचा, मी पैसे द्यायचो, त्यामुळे गिऱ्हाइकांचे आशीर्वाद मला आणि शिव्या त्याला. निवृत्त झाल्यावर तो दिवेआगरला आपल्या वाडीत जाऊन राहिला. तेव्हापासून दर दिवाळीला त्याचा फोन, ‘एकदा ये रे!’ आणि दर दिवाळीला माझं उत्तर, ‘थंडीत नक्की!’ या थंडीत बायको माहेरी गेली आणि सबबी संपल्या.

“माणगावला उतर,” मित्र म्हणाला. “तिथून म्हसळा, बोर्ली आणि आलंच.”

“माणगाव कशाला?” मागून वहिनींचा आवाज. “वडखळला अडकतील. त्यांना म्हणावं, लाँचने या.”

“हां, लाँचने ये! गेटवेहून मांडवा, मांडव्याहून अलिबाग, अलिबागहून मुरूड. मुरूडच्या पुढे आगरदांडा. तिथे जंगलजेटीत बसलास की समोर दिघी. आणि दिघीहून आम्ही हे काय, इथेच.”

“त्यापेक्षा रोह्यापर्यंत रेल्वे,” असं कोणीतरी तिसरं म्हणालं. मग एक खोकला ऐकू आला आणि चौथे गृहस्थ म्हणाले, “आमच्या कुलाबा जिल्ह्यात आधी समुद्र बघायचा, मग रस्ता.” हे मित्राचे काका. जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं १९८१ साली, पण काकांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही, किंवा पोचली असून त्यांनी तिला मंजुरी दिलेली नाही.

शेवटी ठरलं ते लाँचनेच. “सकाळची लाँच पकड,” मित्र म्हणाला, “नाश्ता तिकडे, जेवण इकडे. वाट बघतो.”

आता इथे या किनाऱ्याचा स्वभाव सांगायला हवा. समुद्राने इथे जागोजागी जमिनीत हात घातला आहे. वर धरमतरची खाडी, मग रेवदंड्याला कुंडलिकेची, मग राजपुरीची, तळाला सावित्रीची. त्यामुळे प्रत्येक गावाच्या समोर एक गाव असतं. तिथले दिवे दिसतात, वारा बरा असेल तर भजन ऐकू येतं आणि जायचं म्हटलं तर होडी धरावी लागते, नाहीतर खाडीला वळसा घालायला दिवस काढावा लागतो. पण इथला माणूस अंतर मोजतो ते डोळ्यांनी. तो काठावर उभा राहून हात लांब करतो आणि म्हणतो, “समोरच तर आहे!” तो खोटं बोलत नाही. समोरच असतं.

मुख्यमंत्री असताना बॅरिस्टर अंतुल्यांनी रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सागरी महामार्गाची कल्पना मांडली होती. तेही याच जिल्ह्यातले, म्हसळ्याजवळच्या आंबेतचे. ‘समोरच तर आहे’ हे वाक्य ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस पहिला विचार पुलाचाच करणार. महामार्ग तुकड्यातुकड्यांनी झाला. मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची गोष्ट मात्र त्या वेळी तरुण असलेले लोक आता नातवंडांना सांगतात. सध्या पुन्हा हालचाल सुरू आहे म्हणतात. माझं वय बघता मी लाँच धरली.

लाँचवर वर बसायचे पैसे वेगळे पडतात. वर वारा असतो, ऊन असतं आणि सीगल असतात. थंडीत हे पाहुणे मुंबई बंदरात येतात आणि लाँचच्या मागे लागतात, कारण प्रवासी त्यांना गाठ्या घालतात. माझ्या शेजारचा एक मुलगा गाठी हवेत धरायचा, पक्षी झेप घेऊन ती चोचीत पकडायचा आणि त्याचे वडील मोबाइलमध्ये ते पकडायचा प्रयत्न करायचे. पक्ष्याचा नेम एकदाही चुकला नाही. वडिलांचा प्रत्येक वेळी चुकला. “बाबा, पुन्हा घेऊ?” असं करत पुडी संपली. तेव्हा वडिलांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या चकल्यांच्या डब्याकडे पाहिलं. मित्रासाठी नेलेल्या चकल्यांपैकी चार अरबी समुद्रावर खर्ची पडल्या. त्यातल्या एका लाभार्थीने जाता जाता माझ्या खांद्यावर पोच दिली.

“शुभ असतं हो,” वडील म्हणाले. त्यांचा स्वतःचा शर्ट कोरा होता.

मांडव्याहून तिकिटातच मिळणाऱ्या बसने अलिबागला पोचलो. हे शहर मला फार आवडतं. ‘अलिबागवरून आलायस का?’ असं देशभर कोणालाही म्हणतात, म्हणून एका अलिबागकराने त्या वाक्यावर बंदी आणावी अशी याचिका केली होती. २०१९ साली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा न्यायालयाचा सूर होता. त्या दिवशी एसटी स्टँडवर मात्र अलिबागकरांनीच माझी चौकशी आरंभली. खांद्यावरचा डाग, हातात चकल्यांचा उघडा डबा, डोक्याला वाऱ्याने फुललेले उरलेसुरले केस. एका रिक्षावाल्याने विचारलंच, “काका, मुंबईवरून आलात काय?” त्याच्या स्वरात याचिका करण्याइतका मजकूर होता.

याच गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्रॅम येणार आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसूची थरथरणार, म्हणून १९०४ साली वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवलं. मुंबईत बिघडणारी सूची इथे येऊन स्थिर होते. माझं मुंबईत बरं असतं, इथे आलो की दिशा सुटतात.

स्टँडबाहेर पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. चकल्या घटल्याची भरपाई म्हणून एक माळ घेतली. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, चव गोडसर असते, तिखटपणा कमी. हे सगळं विक्रेत्याने सांगितलं. हा कांदा बंद एसटीत किती बोलका होतो, हे त्याने सांगितलं नाही.

मुरूडची गाडी लागली. कंडक्टरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आजोबा, तुम्हाला फुकट. आधार कार्ड दाखवा.”

पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२पासून एसटी फुकट नेते. पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट. माझी साठी नुकती झाली आहे आणि ती मी घरात कोणाला फारशी साजरी करू दिलेली नाही.

“पूर्ण तिकीट द्या,” मी म्हणालो.

“अहो, मिळतंय तर घ्या. अर्धं देऊ?”

“पूर्ण!”

“कार्ड घरी राहिलंय आजोबांचं,” पुढच्या बाकावरच्या बाईंनी गाडीला समजावलं. गाडी हळहळली. मागच्या कोणीतरी तर कंडक्टरला सुनावलं, की म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून कळत नाही का, कार्ड कशाला हवं? मी पूर्ण तिकिटाचे पैसे देऊन गाडीतल्या सगळ्यांची सहानुभूती विकत घेतली. स्वस्तच पडली म्हणायची, कारण पुढे जे झालं ते त्या सहानुभूतीमुळेच झालं.

“जायचं कुठे आजोबांना?” शेजारच्या आजींनी विचारलं. या आजी माझ्याहून खरोखरच वीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्यांना माझी काळजी वाटत होती.

“दिवेआगरला. मित्र बोर्लीला घ्यायला येणार आहे.”

हे मी उगाच बोललो नव्हतो. बोर्ली पंचतन हे दिवेआगरला लागूनच असलेलं बाजाराचं गाव. दिघीहून तिथपर्यंत मिळेल त्या गाडीने यायचं आणि पुढे मित्राची स्कूटर, असं ठरलं होतं. पण रायगड जिल्हा उदार आहे. त्याच्याकडे दोन बोर्ल्या आहेत. एक खाडीच्या पलीकडची, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन तालुक्यात. दुसरी खाडीच्या अलीकडची, बोर्ली मांडला, मुरूड तालुक्यात. आणि आमची गाडी त्या दुसरीवरूनच जाणार होती.

चौल गेलं, नारळीपोफळीच्या सावलीतून रेवदंडा गेलं, कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव आलं, कोर्लईच्या डोंगराला बगल दिली. वारा लागत होता, कांदे बोलत होते, मला डुलकी लागली. जाग आली ती एकदम चार-पाच हातांनी.

“आजोबा, उठा! बोर्ली आली!”

“अहो, ही नाही, ती पंचतन…”

“हो हो, पंचायत समोरच आहे!”

“पंचायत नाही, पंचतन!”

“ऐकायला कमी येतं वाटतं त्यांना,” आजी म्हणाल्या. “अरे, पिशवी द्या त्यांची. कांदे राहिले, कांदे!” कांदे खिडकीतून आले. ते खाली यावेत ही तर गाडीची सामुदायिक इच्छाच असणार. कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि माझ्या हितचिंतकांनी भरलेली ती एसटी मला हात हलवत काशीदच्या दिशेने निघून गेली.

मी मित्राला फोन लावला. रेंजची एक काडी होती.

“अरे, मी बोर्लीला उतरलोय.”

“काय सांगतोस! इतक्या लवकर? शाब्बास! स्टँडवरच थांब, आलोच.”

“ऐक, बोर्ली मांडला…”

मांडलाच्या ‘मां’वर रेंज गेली.

इथून पुढे दोन प्रवास एकाच वेळी चालू झाले. मित्राचा मला नंतर कळला. तो स्कूटरवरून बोर्ली पंचतनला गेला. स्टँडवर मी नाही म्हणताच त्याने चहाच्या टपरीत पाहिलं, मग देवळात, मग दवाखान्यात, कारण त्याच्या मते माझं वजन पूर्वीपासूनच काळजी करण्यासारखं होतं. पोस्टातही चौकशी केली. मी पोस्टात कशाला जाईन, याचं उत्तर त्याच्याकडे आजही नाही.

मी इकडे मुरूडकडे जाणाऱ्या सहाआसनी रिक्षेत बारावा होतो. माझ्या पायांशी एका मासळीवालीची रिकामी टोपली होती. टोपली रिकामी असली तरी तिच्या तळाशी सकाळचा इतिहास जमला होता आणि काशीदचा चढ लागला की तो माझ्या बुटांकडे यायचा, उतार लागला की परत जायचा.

“दादा, पाय वर घ्या जरा,” ती म्हणाली.

मला ‘दादा’ म्हटल्याबद्दल तिचं सगळं माफ होतं. मी पाय वर घेतले आणि गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर कांद्यांची माळ धरून मुरूडपर्यंत गेलो. वाटेत टेकडीवर जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा दिसला. तो पाहण्यासाठी लोक मान वळवतात. माझी वळत नव्हती.

मुरूडहून आगरदांड्याला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती. जंगलजेटी नुकतीच सुटली होती. काठावर एकजण गाडीला टेकून उभा होता.

“दिघी कुठे आली हो?” मी विचारलं.

“ती काय, समोर!”

समोर होती. घरं दिसत होती, बंदराच्या क्रेन दिसत होत्या, मला तर वहिनींच्या उकडीच्या मोदकांची वाफसुद्धा दिसायला लागली. खाडीच्या तोंडाशी जंजिरा बसला आहे. त्याच्याइतकं ‘समोर’ या किनाऱ्यावर काहीच नाही. तो इतका समोर, की संभाजी महाराजांनी त्याच्यापर्यंत जायला समुद्रात दगडांची भर टाकून वाट बांधायला घेतली होती. तरी तो शेवटपर्यंत हाती आला नाही. तिथे उभं राहून मला बरं वाटलं. आपण एकटे नाही, आपल्याआधी फार मोठ्या माणसांनी या खाडीपाशी दम खाल्ला आहे.

जंगलजेटी आली. तिचा पुढचा फाळका काठावर पडला, आतून ट्रक, मोटारी, मोटारसायकली, एक बकरी आणि वऱ्हाडाची बस एवढं सगळं बाहेर आलं, तितकंच दुसरं आत गेलं आणि आम्ही निघालो. मी कठड्यापाशी उभा होतो. दिघी जवळ येत होती. धक्क्यावरून एक छोटी लाँच सुटली, राजपुरीकडे जायला. तिच्या टपाजवळ एक माणूस उभा होता. टक्कल, खांद्यावर पंचा, कपाळावर हात धरून किनारा न्याहाळत असलेला.

मी ओळखलं. काउंटरवर नोटा मोजताना तो तसाच उभा राहायचा, एक पाय किंचित वाकवून.

“अरे!” मी ओरडलो.

त्याने इकडे तिकडे पाहिलं. मी कांद्यांची माळ डोक्यावर फिरवली. तेव्हा दिसलो.

“अरे! तू इकडे कुठे?”

“तुझ्याकडे! तू कुठे चाललास?”

“तुला आणायला!”

“मी आलोय!”

“काय?”

“आलोय मी!”

“मग थांब तिथेच!”

थांबणार कसा? माझ्याखाली जंगलजेटी होती, त्याच्याखाली लाँच, आणि दोघींनाही आमच्या मैत्रीशी कर्तव्य नव्हतं. तो टपाचा आधार घेऊन लाँचच्या मागच्या टोकाला गेला, मी जंगलजेटीच्या मागच्या टोकाला गेलो, त्यामुळे आमच्यातलं अंतर चार पावलांनी कमी झालं आणि लगेच वाढायला लागलं. “लाँच फिरवा हो!” असं तो नावाड्याला सांगताना दिसला. नावाड्याने मान हलवली. हो म्हणून नव्हे. माझ्या शेजारच्या ट्रकचा क्लीनर हे सगळं पाहत होता. त्याने मला विचारलं, “कोण होते?”

“मित्र. बऱ्याच वर्षांनी भेटला.”

“बरं झालं, भेट झाली,” तो म्हणाला.

दिघीच्या धक्क्यावर मित्राची स्कूटर उभी होती. किल्ली अर्थात त्याच्याबरोबर राजपुरीला. मी मिळेल त्या गाडीने बोर्ली गाठली, ही खरी बोर्ली, आणि तिथून रिक्षाने दिवेआगर. बोर्लीच्या स्टँडवर चहाच्या टपरीवाल्याने, देवळातल्या गुरुजींनी आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरनेही मला थांबवून विचारलं, “तुम्हालाच शोधत होते काय?” पोस्टमन तेवढा भेटला नाही.

वहिनी अंगणात उभ्या होत्या.

“या! आणि हे कुठे आहेत?”

“ते मला आणायला गेलेत.”

वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याचा तांब्या पुढे केला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना हे वाक्य नवीन नसावं. मला जेवायला वाढलं. वालाचं बिरडं, सोलकढी, मोदक. मोदक दुपारी मऊ होते असं त्या तीनदा म्हणाल्या. मी सहा खाल्ले, म्हणजे त्यांना बरं वाटावं म्हणून.

मित्र आला तेव्हा दिवेलागण झाली होती. राजपुरीला उतरून त्याला परत यायला लाँच भरायची वाट बघावी लागली, आणि ती भरेना तेव्हा तो स्वतःच ओरडून गिऱ्हाईक गोळा करत बसला होता. आम्ही एकमेकांना मिठी मारली. तो म्हणाला, “तुला कांद्याचा वास येतोय.” मी म्हणालो, “तुला डिझेलचा.” मग त्याने मला वाडी दाखवली. १९९७ साली याच गावात एका पोफळीच्या वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला, तेव्हापासून गावातलं प्रत्येक आळं जरा जास्तच खोल असतं. मित्राची पोफळीची आळी इतकी खोल होती, की एकात मी संध्याकाळच्या अंधारात गुडघ्यापर्यंत उतरलो.

“काही लागलं?” त्याने विचारलं. माझ्या पायाला की माझ्या पायाखाली, ते त्याच्या आवाजावरून कळलं.

रात्री ओटीवर शेजारी जमले आणि चौकशी सुरू झाली. वहिनींकडच्या पाहुण्याची तब्येत, मुलंबाळं, मुंबईचे भाव, यातलं कोणी काही विचारलं नाही. प्रश्न एकच, ‘आलात कसे?’ मी सांगितलं. प्रत्येक टप्प्यावर एकेकाने कपाळाला हात लावला. मांडव्याला कशाला उतरलात, पेणवरून यायचं. पेणवरून कशाला, इंदापुरावरून. मुरूडला गेलातच होतात तर राजपुरीची लाँच सोडून आगरदांड्याला कशाला गेलात? “तो राजपुरीला असता तर मी पण राजपुरीला भेटलो असतो!” हा मित्राचा मुद्दा सगळ्यांना पटला. काका म्हणाले, कुलाबा जिल्ह्यात हे असंच चालायचं.

“उद्या जाणार कसे?” एक शेजारी म्हणाले.

त्या प्रश्नाने ओटीवर वेगळीच लगबग झाली. लोक उठून घरी गेले आणि हातात काहीतरी घेऊन परत आले. मुरूडला दिलेल्या मुलीसाठी दहा नारळ. चौलच्या विहिणीसाठी आमसुलं. अलिबागला भाच्याकडे श्रीवर्धनी रोठा, भिजवू नका. माणगावच्या जावयासाठी कडव्या वालांचं पोतं, अर्धंच आहे. ओटीचा कोपरा भरला तसा माझा रस्ता कोणता, यावरून मतभेद झाले, कारण मी एकाच वेळी मुरूडवरून आणि माणगाववरून जाऊ शकत नव्हतो. मला कोणी विचारलं नाही. मतं वजनावर मोजली गेली. वाल जड भरले.

“ठरलं तर, माणगाव,” मित्राने निकाल दिला. “सकाळी मी स्वतः सोडतो.”

“तुम्ही नका जाऊ,” आतून वहिनी म्हणाल्या.

मी नारळवाल्या गृहस्थांकडे पाहिलं. म्हटलं, “माफ करा हं, तुमचं मुरूडचं राहिलं.”

“छे, राहतंय कसलं!” ते नारळ माझ्या पिशवीकडे सरकवत म्हणाले. “माणगावला उतरलात की रोह्यावरून मुरूड. असं कितीसं लांब आहे?”